ऑपेरा हाउस वाचले, आमच्या टॉकीजचे काय?

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचा इतिहास आपण कार्यकर्त्यांनीही वाचला पाहिजे. कोलकात्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईचे जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभारले. बांधकाम चालू असतानाच १९११ मध्ये पंचम जॉर्जने त्याचे उद्घाटन केले. बालगंधर्व तिथे गायले, पृथ्वीराज कपूर यांनी तिथे नाटके केली. बोलपट आला आणि नाट्यगृहाचे सिनेमागृह झाले. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले. पुढे प्रेक्षक आटले आणि १९९३ मध्ये ते बंद पडले. २०१६ मध्ये दुरुस्त होऊन उघडले, ते पुन्हा रंगमंच म्हणून.

ही वास्तू वाचली, हे चांगलेच झाले. पण ती का वाचली? तिच्यामागे राजघराण्याची मालकी होती, पैसा होता, ‘वारसा’ हा शिक्का होता. तिथून जवळच पिला हाउस आहे. ‘प्ले हाउस’चा कष्टकऱ्यांच्या तोंडी झालेला हा उच्चार. तिथल्याही नाट्यगृहांची सिनेमागृहे झाली. त्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. वारसा कशाला म्हणायचे, हे ठरवणारे कोण आहेत, ते यातून कळते.

आता आपल्या भंडाऱ्याकडे पाहू. धान निघाले की झाडीपट्टीत मंडई भरते, शंकरपट होतो आणि मंडपात रात्रभर नाटक चालते. दंडार आणि खडी गंमत शेतकरी-शेतमजुरांनी जगवली. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांत नेले. यांतल्या कोणत्याच कलेने हक्काच्या छपराची वाट पाहिली नाही. म्हणून तिला छपराची गरजच नाही, असे म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

एक पडद्याची टॉकीज बंद पडली की तिथे गाळे निघतात नाहीतर मंगल कार्यालय होते. खरे तर उतारावरच्या खुर्च्या, भिंती, छप्पर तिथे तयार असते. खोल रंगमंच, रंगपटाची खोली, दिवे यांवर खर्च करावा लागेल. तो नगरपरिषदेने करावा आणि झाडीपट्टी मंडळांना, दंडारीला, जलशाला स्वस्त भाड्याने तारखा द्याव्यात, अशी आमची मागणी आहे.

मित्रांनो, आपल्या गावची टॉकीज कोणाच्या मालकीची आहे, तिचे पुढे काय होणार आहे, याची चौकशी करा. निवेदन द्या. गाळे निघाल्यावर मोर्चा काढून उपयोग नाही.

जय भीम!