दारचे पेरू

आईच्या वहीत पेरूच्या जेलीच्या वाट्याला अवघ्या अडीच ओळी आल्या आहेत. वही तरी कसली? वडिलांच्या कचेरीतून आलेल्या हिशेबाच्या वहीची मागली कोरी पाने. त्यांवर तिने लिहिले आहे : "पेरू दारचे, दोन शेर. लिंबे दोन. साखर रसाच्या मानाने. रस पिळू नये." संपले! किती वेळ शिजवावे, साखर केव्हा घालावी, केव्हा उतरवावे, याचा पत्ता नाही. ज्या हाताने हे लिहिले त्या हाताला बाकीचे ठाऊकच होते. मग लिहायचे कुणासाठी?

दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेला अक्काकडे गेलो होतो. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ओवाळणीचे ताट खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "आईची जेली काही पुन्हा खायला मिळाली नाही हो." तक्रार नव्हती, सहज बोलली. पण मला ते लागले. लग्न झाल्यावर दर भाऊबिजेला तिच्या घरी मी आईच्या जेलीची बाटली घेऊन जात असे. आई गेली आणि बाटली थांबली. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. वहीत अडीच ओळींचा अस्सल दस्तऐवज हाती असताना आपल्याला एवढे जमू नये?

जमले नाही. मंडईतून चांगले थोरले, पिकलेले, घमघमणारे पेरू आणले. साली काढल्या, बिया काढल्या, स्वच्छ गर साखरेसकट पातेल्यात चढवला आणि तासभर ढवळत बसलो. उतरवले, गाळले, बाटलीत भरले आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी बाटली आडवी केली तर आतला ऐवजही आडवा झाला. "सरबत छान झाले आहे हो," सौ. म्हणाली. आणि मग हळूच, "पेक्टिनची पुडी मिळते म्हणे दुकानात. ती घातली की घट्ट होते."

पुडी! आईच्या वहीत पुडी नव्हती. ती जेली पुडीवाचून कशी गोठत असे, या एका प्रश्नाच्या मागे लागून मी गेली दोन वर्षे बराच भटकलो. त्या भटकंतीतले थोडे सांगतो.

पेक्टिन म्हणजे फळाच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ; भिंतीतला चुनाच म्हणा. फ्रेंच रसायनज्ञ व्होकलँ याने १७९० साली एका फळाचे पृथक्करण केले, तेव्हा त्याच्या रसातला हा गोठणारा पदार्थ त्याला आढळला. ते फळ कोणते असेल? चिंच! आपल्या आमटीतली चिंच. पुढे १८२५ साली ब्राकोनो या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला ग्रीक भाषेतून नाव दिले. 'गोठणारे' असा त्याचा अर्थ. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत सफरचंदाचा रस काढून उरलेला चोथा उकळून हे द्रव्य वेगळे करू लागले, आणि १९१३ साली अमेरिकेत त्याचे पेटंटही निघाले. तेव्हा पुडीचे वय सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर. मुरंबे, जेल्या मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या. तोवर पुडी फळाच्या पोटातच होती.

सगळ्याच फळांच्या पोटात ती सारखी नसते. स्ट्रॉबेरीत कमी, सफरचंदात आणि आंबट संत्र्यात भरपूर, आणि बिहीत तर विचारूच नका. बिही हे फळ आपल्याकडे कुणी पाहिलेले नसते, पण काष्ठौषधीच्या दुकानातला बिहीदाणा जुन्या घरांना ठाऊक आहे. ते बिहीचेच बी. पाण्यात टाकले की पाण्याला बुळबुळीत करते. बिही कच्ची खाववत नाही, तुरट आणि कठीण असते. पण ग्रीक आणि रोमन लोक ती मधात घालून ठेवत. पोर्तुगीज भाषेत या फळाला 'मार्मेलो' म्हणतात आणि त्याच्या शिजवून वड्या पाडलेल्या पाकाला 'मार्मेलाद'. तोच इंग्रजांचा मार्मलेड! आज ज्याला आपण संत्र्याच्या सालीचा म्हणून ओळखतो तो मुळात बिहीचा होता. १५२४ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला कुणी पेटीतून मार्मलेड भेट दिला, तो या जुन्या जातीचा. संत्र्याने गादी बळकावली ती नंतर.

पोर्तुगीज समुद्रापार गेले तेव्हा जिभेवर ही चव घेऊन गेले. ब्राझिलात ऊस होता. तो कुणाच्या पाठीवर कोरडे ओढून पिकवला जात होता, हे इतिहासाच्या शिक्षकाने न सांगता पुढे जाऊ नये. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या त्या साखरेवर युरोपातले गोड पदार्थ पोसले. साखर होती, बिही नव्हती. पण पेरू होता. त्याची जन्मभूमीच उष्ण अमेरिका. आणि पेरूत बिहीसारखेच पेक्टिन ठासून भरलेले. मार्मेलादच्या जागी पेरूची 'गोयाबाद' झाली, ती ब्राझिलात आजही घरोघर खातात. तेच फळ पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरले आणि तिथे झाली 'पेराद'. नाताळच्या कुसवारात नेवऱ्यांच्या शेजारी गडद तांबड्या वड्या दिसतात ना, त्या.

आता गंमत पाहा. या परक्या फळाला नाव काय द्यावे, याची आपल्या देशात केवढी तारांबळ उडालेली दिसते! आपला 'पेरू' आला पोर्तुगीजांच्या 'पेरा'वरून, आणि पेरा म्हणजे नासपती. हिंदीतला 'अमरूद' फारसीतून आला. तिथेही अमरूद म्हणजे नासपतीच. छत्तीसगडात आणि जबलपूरकडे पेरूला 'बिही' म्हणतात. वर सांगितलेली तीच बिही! विदर्भातला माणूस मात्र पेरूला 'जांब' म्हणतो आणि गुजराती 'जामफळ'. नागपूरचे माझे एक स्नेही हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आम्ही जांबाचा जॅम करायचा!" हा विनोद त्यांनी मला तीनदा ऐकवला आहे. पण पेरूला बिही म्हणणारा जो कोणी पहिला असेल, त्याने नुसते रूप पाहिले असले तरी गुणाचीही गाठ नकळत बरोबर मारली होती.

मग माझ्या पेरूंनी दगा का दिला? तर फळ पिकते म्हणजे त्यातला हा चुना सैल होत जातो. कच्च्या फळात तो घट्ट धरून असतो, नुसत्या पाण्याला दाद देत नाही, शिजवावा लागतो. नुकत्याच पिकू लागलेल्या फळात तो सुटतो आणि गोठवण्याच्या कामाचा असतो. अगदी मऊ झालेल्या फळात त्याचे तुकडे पडून जातात. मी नेमके मऊ पेरू वेचून आणले होते. साल आणि बियांभोवतालचा गर, जिथे त्याचा भरणा, ते सगळे केराच्या टोपलीत टाकले होते. साखर आरंभालाच घातली, त्यामुळे फोडी नीट शिजल्याच नाहीत. आणि लिंबू पिळले होते ते चवीपुरते. पेक्टिनचे धागे एकमेकांना दूर लोटतात. आंबटपणाने ते लोटणे थांबते आणि साखर पाणी ओढून घेते, तेव्हा कुठे त्यांचे जाळे विणले जाते. या तिघांपैकी एक कमी पडला की सरबत.

हे वाचत असताना एकदम 'दारचे' या शब्दावर नजर गेली.

साताऱ्याला आमच्या वाड्याच्या मागल्या दारी, विहिरीजवळ पेरूचे झाड होते. गावठी. फळ लिंबाएवढे किंवा थोडे मोठे, बियाळ, आंबट. आणि त्यावर राघूंचा हक्क. फळाला जरा पिवळी झाक आली की थवा येई, आणि खाली अर्धवट कोरलेले पेरू पडत. म्हणून आई आम्हा मुलांना आधीच झाडावर चढवी आणि हिरवट, टणक पेरू उतरवून घेई. आम्ही कुरकुरत असू, कारण ते खायला बेचव. "राघूंना ठेवलेत तर तुम्हांला काय मिळेल?" ती म्हणे. राघूंच्या धाकाने ती पेरू जेलीला हवे तेव्हा तोडत होती! वहीतला 'दारचे' म्हणजे घरचे, फुकटचे एवढाच अर्थ मी धरला होता. त्यात लहान, आंबट, सालबियांसकट, पिकण्याआधी उतरवलेले, इतके सगळे होते.

मंडईतल्या पेरूचा यात काही दोष नाही. आपल्याकडे पिकणारा प्रसिद्ध 'लखनौ-४९', ज्याला सरदार म्हणतात, तो नावाने लखनौचा असला तरी निवडला गेला पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत, १९२७ साली. खाण्यासाठीच निवडलेला, गोड, गरदार. तो खावाच. जेलीला मात्र थोडा हिरवा असतानाच घ्यावा, आणि लिंबाचा हात सैल सोडावा.

आईला हे कुणी शिकवले? आमच्या वाड्यातल्या मागल्या खणात गोव्याकडचे एक कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाईंना आम्ही माई म्हणत असू. माई पेराद करीत. आईने ती पाहिली आणि तिच्यातला काटकसरीपणा जागा झाला. फोडी सालीबियांसकट, बुडतील एवढ्याच पाण्यात शिजवायच्या. फडक्यात बांधून रात्रभर खुंटीला टांगायच्या. खाली ठिबकलेल्या रसाची जेली आणि फडक्यातला गर चाळणीवर घासून त्याची पेराद. एका पेरूत दोन पदार्थ. रस पिळायचा नाही, पिळला की जेली गढूळ होते. ठिबकणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत आम्ही झोपलेलो मला आठवतो.

दुसऱ्या खेपेस मी हिरवट पेरू घेतले आणि सगळे असेच केले. पुस्तकात होते की १०५ अंश सेल्सियसवर उतरवावे. उष्णतामापक आणला. पारा १०३ वर आला, तिथे घुटमळला, मी आच वाढवली. १०५ ला पोचलो तेव्हा पातेल्यात चिक्की होती. विळीने कापावी अशी! चूक माझी. ते १०५ समुद्रकाठचे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर. इथे पाणीच ९८ च्या आसपास उकळते. साध्या पाण्याच्या उकळीपेक्षा साडेचार-पाच अंश वर, असा हिशेब धरायचा असतो. पाचगणीला तर शंभराशीच थांबावे लागेल. आईकडे पारा नव्हता. ती पळी आडवी धरी आणि पाहत राही. आधी थेंब भरभर पडत, मग सावकाश, आणि मग दोन थेंब पळीच्या काठाला एकमेकांना मिळून पडद्यासारखे लोंबत. की लगेच पातेले खाली. उंची कितीही असो, पडदा तोच.

तिसऱ्या खेपेला मीही पाराबिरा बाजूला ठेवला. रस वाटीने मोजला आणि वाटीला पाऊण वाटी साखर घातली. सौ. पळी धरून उभी, मी चष्मा पुसत तिच्या खांद्यावरून पाहत. "आता?" "थांबा हो." "आता?" "आता!" बशीत थेंब टाकून गार झाल्यावर बोटाने सरकवला तर त्याला सुरकुती पडली. बाटली उजेडात धरली, माणकासारखा रंग. आडवी केली, आतले जागचे हलले नाही.

यंदाच्या भाऊबिजेला ती बाटली पिशवीत घालून अक्काकडे गेलो. तिने झाकण काढले, वास घेतला, चमचाभर पोळीवर घेतली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने सावकाश दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला आणि म्हणाली, "चांगली झाली आहे. पण आई इतकी घट्ट करीत नसे."