पणजोबा शोधताय? कोतवाल बुक बघा!

गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत पूर्वज शोधतात. मग आमच्या बुलढाण्यातल्या सोनाळ्याचं काय? तर कोतवाल बुक! वऱ्हाडात गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहीत. तारीख, बापाचं नाव, जात. गंमत म्हणजे बारशाआधीच नोंद व्हायची, म्हणून बाळाचं नाव बहुधा नसतंच. नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. म्हणून मी पणजोबांना त्यांच्या वडिलांच्या नावाने शोधतो.

आणखी एक. हा भाग १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता, तेव्हा त्याआधीचे कागद अकोल्यातही बघायचे.

हा नुसता रविवारचा छंद नाही बरं का! २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी हीच बुकं राज्यभर उघडली. एका ओळीवर जातीचा दाखला अडतो. मंडळी, सापडलेल्या पानाची नक्कल आजच काढून ठेवा.