माळव्याचा उतार आणि ब्रेकची झीज

मुंबई-आग्रा रस्ता देवास शहरातून इंदूरला येतो, महू आणि मानपूर मागे टाकतो आणि धार जिल्ह्यातल्या धामणोदकडे उतरून खलघाटला नर्मदा ओलांडतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, नर्मदेचा काठ त्याच्या निम्म्याहूनही खाली. माळव्याचे पठार संपून निमाडचे खोरे सुरू होते ते या उतारावर. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासला तर थोरली आणि धाकटी अशा दोन पाती एकाच गावात नांदत. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. राज्ये बदलली तरी माल चढवण्या-उतरवण्याची वाट बदलली नाही, आणि उतारावर भरलेली गाडी आवरायची कशी, हा प्रश्नही तसाच राहिला.

बैलगाडीच्या काळात उतारावर गाडीचा भार बैलांच्या मानेवर येई. तो हलका करायला चाकावर लाकडी ठोकळा दाबून धरणे किंवा एक चाक साखळीने जखडून ते घसरत नेणे, हे जगभरच्या घाटांतले उपाय होते. ठोकळा किती झिजला हे गाडीवानाला नुसत्या नजरेने कळे. मोटारीत ही सोय गेली. लुई रेनोने १९०२ मध्ये ड्रम ब्रेक प्रचारात आणला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. दोघांपैकी ड्रम पुढे गेला, कारण तो धूळ आणि पाण्यापासून झाकलेला असतो. पण जे झाकलेले, ते दिसतही नाही.

झिजणाऱ्या भागाचा इतिहास इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडपासून सुरू होतो. १८९७ मध्ये त्याने घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षणाचे अस्तर बनवले आणि १९०८ च्या सुमारास त्यात ॲस्बेस्टॉस आणला. त्याच्या आडनावातून निघालेले फेरोडो हे नाव पुढे मुंबईतही आले. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. मद्रासला राणे ब्रेक लायनिंग १९६४ मध्ये निघाली. ॲस्बेस्टॉस उष्णता सोसतो आणि स्वस्त असतो, म्हणून कित्येक दशके ट्रकच्या अस्तरात, म्हणजे लायनरमध्ये, तोच असे. त्याची किंमत मोजली ती कारखान्यांतल्या आणि गॅरेजांतल्या कामगारांच्या फुप्फुसांनी. ड्रम उघडून आतली भुकटी हवेच्या पाइपने उडवून देण्याची सवय त्यात सर्वात घातक.

महामार्गावरच्या गॅरेजमध्ये लायनर बदलणे हा स्वतंत्र धंदाच होता. चाक उतरवून ड्रम ओढून काढायचा, शूवरच्या जुन्या रिव्हेट तोडायच्या, नवा लायनर क्लॅम्पने आवळून मधल्या भोकापासून कडेकडे रिव्हेट ठोकत जायचे. कडेपासून सुरुवात केली तर मध्ये फुगा राहतो आणि लायनर तडकतो. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत घासला की धातू धातूवर घासू लागतो आणि ड्रमवर चरे पडतात. तिथवर न जाता अंदाज घ्यायचा तर काही गाड्यांत मागच्या पत्र्याला रबरी बूच असलेले भोक असे. त्यातून टॉर्च मारून जाडी पाहायची. बाकी सारी भिस्त ड्रायव्हरच्या कानावर, नाकावर आणि पायावर: करकर आवाज, जळका वास, पेडल किती खाली जाते.

१९८० च्या दशकात ब्रेकचा हा प्रश्न धार जिल्ह्यात वेगळ्या वाटेने आला. पिथमपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिथे वाहनांचे कारखाने आले. त्यांतल्या दोघांची नाळ पुण्याशी होती: फिरोदियांच्या कायनेटिक होंडाच्या स्कूटरी आणि बजाज टेम्पोचा, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सचा, कारखाना. आयशरने मित्सुबिशीच्या सहकार्याने कँटर ट्रक तिथे १९८६ मध्ये सुरू केला. त्याच वर्षी टाटांचा ४०७ ट्रक निघाला आणि १९८८ मध्ये टाटामोबाईल, म्हणजे कारखान्यातूनच पिकअप म्हणून निघालेली गाडी. कांदा, दूध, सोयाबीन, बांधकामाचा माल असे काहीही भरून गावाहून मंडीत जाणारी ही जात पुढे फोफावली. तिच्यावर किती भार चढतो, हे कारखान्यापेक्षा मंडीच्या आवारातच नीट कळते.

पिकअपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम, ही जोडणी रूढ झाली. डिस्कच्या पॅडची जाडी नवी असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर असते आणि २-३ मिलिमीटर उरली की पॅड बदलतात. झीज कळवण्याचा पहिला स्वस्त उपाय म्हणजे पॅडला लावलेली पोलादी पट्टी: पॅड झिजला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. विजेचा उपाय त्यानंतरचा. पॅडमध्ये ठरावीक खोलीवर तार पुरतात. तिथवर झीज पोचली की तार तुटते, किंवा डिस्कला टेकून मंडल पूर्ण होते, आणि ड्रायव्हरसमोरच्या काट्यांजवळ दिवा लागतो. काहींत कमी-जास्त खोलीवर दोन तारा असतात, म्हणजे आधी सूचना आणि मग ताकीद. हवेच्या डिस्क ब्रेकच्या जड ट्रकमध्ये कॅलिपरची सरक सतत मोजून उरलेली जाडी दाखवणारे सेन्सर असतात. महागड्या मोटारींत चाकांचा वेग आणि ब्रेकचा दाब यांवरून संगणक उरलेले आयुष्य काढतो.

भारतातल्या बहुतेक पिकअपपर्यंत यातले विजेचे उपाय फारसे पोचलेले नाहीत. त्यांच्यात असतो तो ब्रेक ऑइलच्या पातळीचा दिवा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागे तेल जाते आणि टाकीतली पातळी उतरते. म्हणून तो दिवा आडमार्गाने झीजही सांगतो. बरेच ड्रायव्हर तेल वरून भरून टाकतात आणि दिवा विझला की निश्चिंत होतात. मूळ निरोप तसाच राहून जातो.

उताराच्या दृष्टीने यापेक्षा मोठी अडचण आहे. सेन्सर झीज मोजतो, उष्णता मोजत नाही. ३ टनांची भरलेली पिकअप नुसत्या ब्रेकवर २०० मीटर उंची उतरली तर सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. डिस्क आणि ड्रम मिळून ४० किलो बीड धरले आणि सगळी उष्णता तिथेच राहिली, तर तापमान ३०० अंशांहून अधिक वाढेल. एवढ्या तापात अस्तराची पकड घटते. साधे डॉट ३ ब्रेक ऑइल नवे असताना २०५ अंशांना उकळते, ओलावा शोषल्यावर १४० च्या आसपासच. मग वाफ दबते आणि पेडल पोकळ जाते. पॅड नवे कोरे असतानाही हे घडू शकते. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा हा जुना नियम टिकून आहे, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडण्याची खोड इतकी महाग पडते.

ब्रेकची शास्त्रीय परीक्षा आता धार जिल्ह्यातही होते. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रातली ११.३ किलोमीटरची अतिवेगाची धावपट्टी २९ जून २०२१ रोजी सुरू झाली. तिथे वेगवेगळ्या घसरणीचे पृष्ठभाग असलेली ब्रेकची धावपट्टीही आहे. तिथून फार दूर नसलेल्या राऊ-खलघाट रस्त्यावरच्या गणेश घाटात मात्र ब्रेक निकामी होऊन ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळण्याचे अपघात वर्षानुवर्षे होत राहिले. अखेर तोडगा निघाला तो स्थापत्याच्या बाजूने: उतरणाऱ्या गाड्यांसाठी कमी उताराचा सुमारे नऊ किलोमीटरचा वेगळा रस्ता बांधला गेला आणि २०२४ च्या अखेरीस तो खुला झाला. पण पिकअपच्या मागच्या ड्रममधला लायनर नीट तपासायला आजही बहुतेकदा चाक उतरवावे लागते.