गुलाबाचा शाखाशोष आणि बृहत्संहितेंतील चिकित्सा

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक लहानसा अध्याय आहे. प्रतिपरत्वें तो चौपन्नावा किंवा पंचावन्नावा धरतात. थंडी, वारा व ऊन यांनीं झाडांस रोग होतो; पानें फिकट पडतात, पालवी वाढत नाहीं, फांद्या वाळतात व रस गळतो, असें त्यांत सांगितलें आहे. उपाय असा कीं, प्रथम शस्त्रानें रोगट भाग काढावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दुधापाण्यानें सिंचन करावें. हा सहाव्या शतकांतील उपदेश पोथींतच ठेवण्याजोगा आहे, कीं त्याच्या मागें प्रत्यक्ष अनुभव आहे, हा प्रश्न आम्हांस गोंडपिपरीच्या आमच्या अंगणांतील गुलाबांनीं घातला.

आरंभींच एक भ्रम दूर केला पाहिजे. जुन्या ग्रंथांत ‘शतपत्र’ शब्द दिसला कीं आमचे कांहीं संग्राहक मित्र गुलाबाचें प्राचीनत्व सिद्ध झालें असें समजतात. अमरकोशांत शतपत्र म्हणजे कमळ, आणि शतपत्रक म्हणजे तर सुतारपक्षी! शतपत्री, तरुणी हीं गुलाबाचीं म्हणून मानलीं जाणारीं नांवें सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत भेटतात. हिमालयांत रानगुलाब आहेत हें खरें. परंतु ‘गुलाब’ हें नांव फारसी. गुल म्हणजे फूल व आब म्हणजे पाणी. मुळांत हें फुलाच्या अर्काचें नांव. तें आपण फुलासच देऊन बसलों आणि अर्कास ‘गुलाबपाणी’ म्हणून पाणी दोनदां घातलें. तेव्हां वराहमिहिरानें गुलाबावर लिहिलें, असें आमचें म्हणणें नाहीं; त्याचा सामान्य नियम आम्ही गुलाबास लावून पाहिला, एवढेंच.

वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, त्या संगमाच्या बाजूचा हा मुलूख. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपार जातो आणि पावसाळ्यांत काळ्या जमिनींत पाणी तुंबतें. आमच्या बारा झाडांपैकीं पांच एका वर्षांत गेलीं, आणि दोष बव्हंशीं आमचाच होता. पानें पिवळीं दिसतांच आम्ही पाणी वाढविलें. मुळें आधींच कुजत होतीं. मग न कुजलेलें शेणखत घातलें, त्यानें वाळवी आली. पोथ्यांच्या निमित्तानें जिच्याशीं आमची जन्माची ओळख, तीच ही. उरलेल्यांपैकीं चार झाडांचे शेंडे काळे पडून तो काळेपणा दिवसेंदिवस खालीं उतरूं लागला. बागवान यास शेंडेमर म्हणतात. वराहमिहिराचा ‘शाखाशोष’ तो हाच असावा, असें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.

त्याच्या चिकित्सेंत ‘आदौ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रथम शस्त्र, मग औषध. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास, आम्ही धारदार कात्रीनें प्रत्येक फांदी आंतील गाभा पांढरा व स्वच्छ दिसेपर्यंत कापली. काप तिरकस, बाहेरच्या बाजूस पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित् वर. कापलेलें जाळून टाकलें. दोन झाडांस ग्रंथोक्त लेप दिला, दोहोंस मोरचूद व चुन्याचा. हा दुसरा लेप फ्रान्सांतील बोर्दो येथील द्राक्षमळ्यांतून आला; मिलार्दे यांनीं त्या मिश्रणाची माहिती १८८५ मध्यें प्रसिद्ध केली. मोरचूद एक किलो, चुना एक किलो व पाणी दहा लिटर, असें लेपाचें प्रमाण आहे. तुपाच्या लेपास मुंग्या लागल्या. तथापि चारही झाडें जगलीं. चार झाडांवरून सिद्धांत होत नाहीं. पण गुण मुख्यतः शस्त्राचा, लेपाचा मागाहून, असा आमचा ग्रह झाला आहे.

दुधाविषयीं आम्ही प्रथम हंसलों होतों. परंतु ब्राझीलमधील बेत्तिओल यांनीं १९९९ मध्यें पाणी घातलेलें दूध झुकिनीच्या पानांवर फवारून भुरी आटोक्यांत येते असें दाखविलें. गुलाबाच्या कोंवळ्या पानांवर पिठासारखी बसते ती भुरीच. मात्र तिची बुरशी निराळी. शिवाय संहितेंतील सिंचन मुळाशीं कीं पानांवर, हें शब्दावरून ठरत नाहीं. काळ्या ठिपक्यांचा रोग वेगळा. त्यास गळलेलीं पानें वेंचणें व संध्याकाळीं पानें ओलीं न करणें हाच मुख्य उपाय.

एका झाडाची कथा निराळी. एका रोपवाटिकेनें तांबड्या फुलाचें म्हणून दिलेलें कलम दुसऱ्या वर्षीं लहान, फिकट फुलें देऊं लागलें. डोळा भरलेल्या जागेच्या खालून खुंटाचे फुटवे निघून त्यांनीं मूळ कलमास दडपलें होतें. असे फुटवे वरून कापले तर दुणावतात. माती उकरून उगमापासून ओढून काढावे लागतात. पोथींत क्षेपक शिरतात तसाच हा प्रकार, पण येथें शिरलेलें तें मूळ झाडच!

सुरपालाचा वृक्षायुर्वेद ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतील हस्तलिखितामुळें १९९६ मध्यें सिकंदराबादेहून भाषांतरासह छापला गेला. तें हस्तलिखित वाळवीच्या तोंडीं पडतें तर आम्हांस त्यांतील एक ओळही वाचावयास मिळती ना. ज्यांच्या संग्रहीं बृहत्संहितेची पोथी भट्टोत्पलाच्या टीकेसह असेल, त्यांनीं या अध्यायांतील लेपाच्या व सिंचनाच्या शब्दांचे पाठ कृपा करून कळवावे. येत्या छाटणीपूर्वीं मिळाल्यास उरलेल्या दोन झाडांवर त्यांचा उपयोग करतां येईल.