मालगुजारी तलाव : जलसंचय आणि जलजीवन

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांचा विचार आजवर बहुधा सिंचनाच्या दृष्टीनेच झाला आहे. परंतु पाणी किती साठते आणि धान किती भिजते, या दोन प्रश्नांत तलावाचा इतिहास सामावत नाही. मासे, पाणपक्षी आणि माणसे यांचा तो सामाईक आश्रय होय. या आश्रयाची घडण, मोडतोड आणि पुनर्रचना यांचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील बहुतेक जुने तलाव गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. नवेगावबांधाचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांस देते. पाळीची डागडुजी आणि गाळाचा उपसा ही गावाचीच कामे असत. मासेमारी ढिवरांच्या हाती होती. उथळ काठावर देवधान उगवे.

मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व ३१ मार्च १९५१ पासून तलाव शासनाकडे आले. हा बदल न्याय्यच होता. तथापि मालकाबरोबर देखभालीची जबाबदारीही लोपली. तिचा नवा धनी मात्र निश्चित झाला नाही. तलाव गाळाने भरले, काठ बेशरमीने व्यापले. रोहू, कटला, मृगळ यांच्या बीजावर भर पडला आणि स्थानिक मासे घटले.

पुढे ढिवरांच्या सहकारी संस्था व स्थानिक अभ्यासक यांनी काही तलावांत वेगळा प्रयोग केला. बेशरम उपटून, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरून त्यांनी स्थानिक पाणवनस्पती लावल्या. या वनस्पतींत मासे अंडी घालतात, पिलांना आडोसा मिळतो व पाणपक्ष्यांना अन्न लाभते. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया परिसरातच उरला आहे. तोही अशाच पाणथळींवर व धानबांध्यांवर जगतो. वनस्पती रुजल्या तेथे स्थानिक मासे पुन्हा दिसू लागले व ढिवरांच्या जाळ्यास आधार मिळाला.

यावरून एक निष्कर्ष निघतो. केवळ गाळ उपसल्याने तलावाची धारणशक्ती वाढेल. तलाव जिवंत होईलच असे नाही. उलट सरसकट खोदाईने उथळ काठ नाहीसा झाला, तर देवधान व पक्षी यांचे स्थानच नष्ट होते. १९५१ साली तलावाची मालकी बदलली. त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेव्हा अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर तलावावर जगणाऱ्यांच्या ज्ञानाला व हक्काला वगळून देता येणार नाही.