अळणी रस्सा (कोल्हापूर)

कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या गावांत मटण शिजवताना, चटणी पडण्याआधी बाजूला काढून ठेवला जाणारा सौम्य रस्सा. जिवाला बरे वाटावे म्हणून हक्काने मागून खायचे पदार्थ प्रत्येक गावाचे वेगळे असतात. तिखटासाठी नाव झालेल्या कोल्हापुरात त्यांत अळणीचा मान मोठा आहे, याची दखल बाहेरची मंडळी फारशी घेत नाहीत.

पातेल्यात थोड्या तेलावर कांदा परतून त्यात मटण, आले-लसणाचे वाटण, हळद आणि मीठ घालतात. वर ताट झाकून ताटात पाणी ओततात. मटणाला आधी त्याचेच पाणी सुटते. ताटातले पाणी तापले की ते आत सोडतात. गार पाणी पडले तर मटण निबर होते, असे घरातल्या जुन्या बायका बजावून सांगतात. मटण मऊ झाले की वर आलेला पिवळसर रस्सा वेगळ्या भांड्यात काढतात. पहिली वाटी घरातल्या लहान मुलाची. त्याच्यासाठी या रश्श्यात मऊ भात कुस्करतात आणि एखादी बोटी बारीक तोडून घालतात. आजारातून उठलेला माणूस आणि दात गेलेली आजी यांचाही हाच घास.

उरलेल्या पातेल्यातून पुढचे जेवण उभे राहते. कांदा-लसूण मसाल्याला इथे नुसते ‘चटणी’ म्हणतात. ती आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घातले की तांबडा रस्सा होतो. पांढऱ्या रश्श्याला नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू आणि लवंग-दालचिनीची फोडणी लागते. लाल तिखट त्यात वर्ज्य. नारळाचे दूध घातल्यावर आच मंद ठेवावी लागते, नाहीतर रस्सा फुटतो. शिजलेल्या बोट्यांचे सुके करतात. एकाच पातेल्यातून ज्याच्या-त्याच्या जिभेचे आणि प्रकृतीचे निघते, हे या स्वयंपाकाचे खरे मोठेपण आहे. झणझणीत तवंगाचा तांबडा हीच कोल्हापूरची ओळख मानणे म्हणजे अर्धेच जेवण पाहणे होय.

मटणाचे वार बहुतेक घरांत बुधवार, शुक्रवार आणि रविवार. श्रावणात मटण बंद ठेवायचे म्हणून त्याआधी आषाढात गल्लोगल्ली मटणाच्या जेवणांचा ‘आखाड’ साजरा होतो. मटण ही इथे चैनीची बाब समजली जात नाही. 2019च्या अखेरीस दर वाढले तेव्हा त्याविरुद्ध पेठांतून आंदोलन उभे राहिले होते.

पैलवानांचे समाधान वेगळ्या पेल्यात असते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. तालमींच्या या शहरात मेहनतीनंतर बदामाची थंडाई आणि दूध ठरलेले. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात आणि ते प्यायला तालमीबाहेरचे लोकही येतात. मटण न खाणाऱ्या माळकरी घरांत अळणीची जागा कटाच्या आमटीची. पुरणाची डाळ शिजवलेल्या पाण्याची ही आमटी सणाच्या दिवशी पोळीबरोबर असतेच, पण तिचे खरे चाहते दुसऱ्या दिवशीच्या मुरलेल्या आमटीची वाट पाहतात; गरम भात आणि ती आमटी एवढ्यावर जेवण पुरे होते. रानात राबणाऱ्याला भाकरी, खर्डा आणि फोडलेला कांदा मिळाला की तो तृप्त.

नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्यांच्या सामानात घरच्या चटणीचा डबा असतो. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, निवडून, कांडून आणलेली ही चटणी वर्षभर पुरवली जाते आणि परगावच्या साध्या उसळीलाही घरची चव देते. ताप-सर्दीत मात्र डबा बंद राहतो आणि घरी फोन जातो तो अळणी कसा करायचा हे विचारायला.

खानावळींच्या ताटात तांबडा-पांढरा हमखास असतो. अळणी प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही. तो मुख्यतः घरचा पदार्थ राहिला आहे. म्हणून कोल्हापुरात कोणाच्या घरी मटणाचे आमंत्रण असेल, तर पाहुण्याने संकोच न करता तांबड्याआधी वाटीभर अळणी मागून घ्यावा.