विदा-प्रतिचित्रण
कोष्टकांत साठविलेली माहिती, विषयातील संकल्पना व त्यांचे परस्परसंबंध यांच्या रीतसर मांडणीशी (ऑन्टॉलॉजीशी) नियमांनी जोडण्याची पद्धती. एडगर कॉड यांच्या १९७० मधील संबंधात्मक प्रतिमानात माहिती ओळी व स्तंभ यांत राहते. मात्र स्तंभाच्या नावाचा अर्थ ते देणाऱ्या संस्थेपुरताच असल्याने दोन संस्थांची कोष्टके एकत्र वाचता येत नाहीत. सिमँटिक वेबसाठी १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या आरडीएफमध्ये विधान उद्देश्य, विधेय व कर्म अशा तीन पदांचे असून वस्तूंना जगभर एकमेव ठरणारी ओळखसंज्ञा देता येते. ओळ म्हणजे वस्तू व स्तंभ म्हणजे गुणधर्म, हे साम्य टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच दाखविले होते.

आरंभी रूपांतरासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम लिहावे लागत. कोणत्या स्तंभास कोणता अर्थ दिला, हे बहुधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठाऊक राही. ख्रिस्तियन बिझर यांच्या डी२आर मॅप (२००३) या भाषेने हा निर्णय वेगळ्या, वाचता येणाऱ्या नियमांत आणला.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २७ सप्टेंबर २०१२ रोजी दोन शिफारशी प्रसिद्ध केल्या. थेट प्रतिचित्रणात कोष्टकाचीच नावे विधेयांत उतरतात. हे सोयीचे, पण अर्थदृष्ट्या दुबळे होय. आर२आरएमएलमध्ये नियम लिहिणारा अर्थ निवडतो : कर्मचारी-क्रमांकापासून व्यक्तीची ओळखसंज्ञा बनवावी, नावाचा स्तंभ एफओएएफ या ऑन्टॉलॉजीतील ‘नेम’ या गुणधर्माशी जोडावा, इत्यादी. क्रमांकाऐवजी नावावरून ओळखसंज्ञा बनविल्यास दोन समनामिक व्यक्ती एकच ठरतात, व यंत्रास ही चूक उमगत नाही. हे नियमही आरडीएफमध्येच लिहिलेले असतात. २०१४ मध्ये घेंट विद्यापीठातील अनास्तासिया दिमू व सहकाऱ्यांनी आरएमएलद्वारे ही पद्धती सीएसव्ही, जेसन व एक्सएमएल या स्वरूपांतील माहितीसही लागू केली.